तपासलेलं तेल

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये देवी प्रकट झाली, तेव्हा मी सगळ्यांत पुढे उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणा समजणार नाही.

साल एकोणीसशे ऐंशी. चिंचवडला सोपानरावांचं वर्कशॉप होतं, तीस-पस्तीस माणसांचं. मोठ्या कंपन्यांना लागणारे छोटे सुटे भाग आम्ही करायचो. मी तिथला इन्स्पेक्टर. पोलिसातला नव्हे. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे तपासून त्यावर शिक्का मारायचा, हे माझं काम. माझा शिक्का असला की गिऱ्हाईक पुन्हा मोजत नसे. या गोष्टीचा मला फार माज होता.

त्या दिवशी मशिनी बंद होत्या. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. माझी मापाची हत्यारंसुद्धा पाटावर मांडून त्यांच्यावर फुलं वाहिलेली. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती द्यायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. एरवी वर्षभर त्याच हत्यारांना शिव्या घालणारी माणसं त्या दिवशी त्यांच्यापुढे नारळ फोडतात.

त्या वर्षी सोपानरावांनी तेलमहाराज नावाच्या बुवांना बोलावलं होतं. आसपासच्या शेडमधले कामगार, त्यांच्या बायका, पोरंटोरं, अशी दोन-अडीचशे माणसं पत्र्याखाली घामाघूम होऊन उभी होती. महाराज पाटावर बसले होते. पुढे त्यांचा स्वतःचा चौरंग, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं लाल कापड आणि कापडावर तांब्याचं ताम्हन. डाव्या पायाची मांडी घातलेली. उजवा पाय लांब पसरून चौरंगाच्या कापडाखाली गेलेला आणि गुडघ्यापासून बोटांपर्यंत भगव्या पट्ट्यांनी गुंडाळलेला. बारा वर्षं एका पायावर उभं राहून तप केल्यामुळे तो पाय वाळला होता म्हणे. उभा राहिलेला पाय शाबूत आणि आराम केलेला पाय वाळला, हे कसं काय, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यांचा चेला हिंदुराव माइकवर होता. "आपापली किल्ली, घड्याळ, पट्टा, चाकू, जे काही लोखंडाचं असेल ते दारातल्या पाटीत टाका! आज लोखंडाची विश्रांती आहे! देवी काटेश्वरीला लोखंड खपत नाही!"

महाराजांनी ताम्हनात बाटलीतलं तेल ओतलं. काळंभोर तेल, वर आरशासारखी चमक. मग डोळे मिटून ते खर्जात बोलू लागले.

"लोखंड म्हणजे तमोगुण! तेल म्हणजे सत्त्वगुण! तमाच्या उदरात सत्त्व शिरलं की रजाचा काटा उभा राहतो! ऊठ माते, ऊठ!"

आणि तेल उठलं. आधी मध्यभागी थरथरलं, मग फुगलं, आणि मग त्यातून काटे वर आले. एक-दोन नव्हे, शेकडो. साळिंदराच्या पाठीवर असतात तसे, ओळीने, टोकदार, चमकते. महाराज हाताने स्पर्शसुद्धा करत नव्हते. ते "शांत हो" म्हणाले की काटे तेलात विरघळायचे, "ऊठ" म्हणाले की पुन्हा उभे. बायकांनी हात जोडले. आमचा टर्नर भीमराज, एरवी कुणाच्या बापाला न भिणारा, तोही चप्पल काढून उभा राहिला.

"उद्धवराव!" मागून कुणीतरी ओरडलं. "चहाच्या सुट्टीत लई भाषणं देता ना बुवाबाजीवर? आता तपासा की!"

सगळे हसले. मला तेच हवं होतं. मी पुढे गेलो.

महाराजांनी अडवलं नाही. उलट प्रेमाने हसले. "तपासा, इन्स्पेक्टरसाहेब. फक्त लोखंड जवळ आणू नका, एवढंच आईचं पथ्य आहे."

मी ताम्हन उचलून पाहिलं. चोख तांबं. महाराजांचे हात तपासले. अंगठी नाही, कडं नाही. तेलात बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. लोखंडाचा कीस असता तर कचकच लागली असती. काही लागलं नाही, लोण्यासारखं मऊ. वास घेतला तर थोडा रॉकेलचा आला. तिथेच माझं डोकं चालायला हवं होतं, कारण देवीचं रॉकेलशी काय काम? पण मी पुढे गेलो. खिशातला पांढरा रुमाल काढला, चार पदरी घडी केली आणि त्यातून तेल गाळलं. सगळं खाली आलं, वर कणभरही राहिलं नाही. रुमालावरचा डाग मी भिंगाखाली धरून पाहिला. भिंग दहापट मोठं दाखवणारं, पितळी चौकटीचं. नुसता काळा डाग.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सरफेस ग्राइंडर या भाग घासून सपाट करणाऱ्या मशिनीला मॅग्नेटिक चक असतो. म्हणजे चुंबकाचं सपाट टेबल. लोखंडी भाग त्यावर ठेवायचा, स्विच दाबायचा, की तो घट्ट धरला जातो. त्यावर दिवसभर थंड करायचं तेल-पाणी वाहत असतं. वर्षानुवर्षं आम्ही पाहत आलोय, चुंबक लोखंडाला धरतं आणि तेलाला सोडून देतं. त्यामुळे हे चुंबकाचं काम असेल, अशी शंकासुद्धा आमच्यातल्या कुणाला आली नाही. एखाद्या भाजीवाल्याला आली असती. आम्हाला चुंबक फार चांगलं माहीत होतं, तीच आमची चूक झाली.

मी म्हणालो, "तेलात लोखंड नाही."

पुढे मी आणखी एक वाक्य बोललो होतो. "पण हे कसं होतं ते मला कळलेलं नाही, म्हणून चमत्कार म्हणायला मी तयार नाही." ते दुसरं वाक्य मलाच ऐकू आलं. तोवर हिंदुरावाने माइक तोंडाला लावला होता.

"नास्तिक इन्स्पेक्टरसाहेबांनी तपासलं! इन्स्पेक्टरसाहेबांनी शिक्का मारला! बोला, काटेश्वरी माता की..."

माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो मी काढून फेकला का? नाही. शेडमधून बाहेर पडताना लोक वाट देत होते, ते बरं वाटत होतं. पाच पावलांवर मॅग्नेटिक चक होता. त्याला माळ घातलेली होती आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी झाली, तिसऱ्या दिवशी मशिनी सुरू झाल्या, चकही सुरू झाला. रुमाल घरी धुणाऱ्या बाईकडे गेला होता. त्याला चुंबक लावून पाहावं हे माझ्या मनातही आलं नाही.

*

महिन्याभराने जयसिंगच्या डोळ्यात कण गेला.

जयसिंग मावळातला, तिशीचा, अबोल. सरफेस ग्राइंडरवर त्याचाच हात. भाग किती घासला गेला ते तो नुसत्या नजरेने सांगायचा आणि मी मोजल्यावर तेवढाच निघायचा. त्याच्या डोळ्यांवर वर्कशॉप चाललं होतं म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी अडकलेला भाग सोडवायला त्याने छिन्नीवर हातोडा मारला आणि छिन्नीच्या डोक्याची बारीक कपची उडून डाव्या डोळ्यात घुसली. कण लागू नये म्हणून घालायचा चष्मा कपाळावर होता. उकडतं म्हणून आमच्याकडे सगळ्यांचा चष्मा कपाळावरच असतो.

रक्ताचा टिपकासुद्धा नीट आला नाही. भीमराजने काडीला कापूस गुंडाळून कण काढायचा प्रयत्न केला, तेही आमच्याकडचं रोजचंच. निघाला नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच चिठ्ठी लिहिली. "कण बुबुळातून आत गेलाय. आजच्या आज पुण्याला मोठ्या दवाखान्यात जा. तिथे ऑपरेशन करून, चुंबक लावून काढतील. लोखंड आत राहिलं तर डोळा आतून सडेल."

ती चिठ्ठी हातात घेऊन जयसिंग माझ्या टेबलाशी आला. माल गाडीत चढायचा होता, मी घाईत होतो.

"सायेब, एक इचारायचं हुतं."

"बोल."

"म्हाराजांचं त्याल तुमीच तपासलं हुतं न्हवं?"

"हो."

"लोखंड न्हाई ना त्यात?"

"नाही."

"मंग बरं," तो म्हणाला. "चिरफाड नगं वाटती. म्हाराज लोखंड वढून काढत्यात म्हनं डोळ्यातलं."

"अरे, आधी दवाखान्यात जा," मी म्हणालो. पण मान वर केली नाही, हातातल्या भागाचं माप बघत होतो. वर पाहिलं तेव्हा तो दारातून बाहेर पडला होता.

त्या वेळी उठून त्याचा दंड धरून त्याला बसमध्ये कोंबलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. मी त्या दिवशी दोनशे दहा भाग तपासले.

*

महाराजांचा मठ पिंपळे गुरवला नदीकडच्या अंगाला होता, बाभळीत. पत्र्याची शेड आणि पुढे मांडव. तिथे काय झालं ते मला नंतर कस्तुराने सांगितलं. कस्तुरा म्हणजे जयसिंगची बायको.

जयसिंगला उताणं झोपवलं. महाराजांनी पापणी उलटून तेलाचा थेंब डोळ्यात सोडला. मग चार माणसांनी त्यांना आधार दिला आणि त्यांनी तो पट्ट्यांत गुंडाळलेला, तपाने वाळलेला पाय जयसिंगच्या तोंडावरून फिरवला. डोळ्यावर आल्यावर पाय थांबला.

जयसिंग किंचाळला. "हाललं! आत कायतरी हाललं!"

"निघतोय!" हिंदुराव ओरडला. "लोखंड आईला शरण आलं!"

पाय दोनदा, तीनदा फिरला. प्रत्येक वेळी जयसिंगने आरोळी ठोकली आणि मांडवातल्या लोकांनी जयघोष केला. मग महाराजांनी विड्याच्या पानावर तेलात चमकणारा एक कीस दाखवला. "हा बघ तुझा शत्रू." जयसिंग एका डोळ्याने रडला. दुसऱ्यातून पाण्याऐवजी तेल आलं.

"म्या म्हनलं, निघाला तर ठनकतंय का अजून?" कस्तुरा मला सांगत होती. "तर म्हनाले, झाड निघालं, मुळं ऱ्हायलीत. दर बिस्तरवारी या. आन् हे मला म्हनले, तू गप बस, सायबांनी तपासलंय."

तीन गुरुवार ते गेले. तिन्ही वेळा तो पाय फिरला. मंत्र रोज कानावर पडावा म्हणून कस्तुराने शेजारच्या इंदुताईंचा टेपरेकॉर्डर मागून नेला. महाराजांचा मंत्र कॅसेटवर घेतला आणि कॅसेट आशीर्वादासाठी त्यांच्या पाटावर, त्या पायापाशी ठेवली. घरी आणून लावली तर नुसती खरखर. पुढच्या गुरुवारी विचारलं, तर महाराज गंभीर झाले. "आईचा आवाज यंत्रात मावत नाही, मुली." हाही चमत्कार झाला. पिंपळे गुरवला त्यावर आठवडाभर चर्चा चालली.

तिसऱ्या गुरुवारनंतर जयसिंगच्या डोळ्यातून पू येऊ लागला आणि उजवा डोळाही लाल झाला.

इंदुताई आकुर्डीला शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचे वडील फाउंड्रीत होते, भट्टीपुढे उभं राहून त्यांनी लेकीला बी.एस्सी. केलं होतं. चाळीत त्यांच्या तोंडी कुणी लागत नसे. त्यांनी रिक्षा आणली, जयसिंगला आत बसवलं आणि विरोध करणाऱ्या कस्तुराच्या सासूला म्हणाल्या, "तुम्ही बसा देवीपाशी. तिला म्हणावं, याला परत आणेपर्यंत मधे पडू नकोस."

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला, फोटो काढला आणि विचित्र प्रश्न विचारला. "याच्या डोळ्यावरून कुणी जोरदार चुंबक फिरवलं का? कण अजून आतच आहे. आणि एका जागी नाही, त्याने आत चार ठिकाणी रस्ता कापलाय."

डावा डोळा काढावा लागला. एका डोळ्याला अशी जखम होऊन ती चिघळली की कधी कधी दुसराही डोळा त्याच आजाराने धरला जातो. पहिल्याच दिवशी आला असता तर बहुतेक दोन्ही वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. आता उजव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळेल. भागावरचा केसाएवढा ओरखडा ओळखणारा माणूस खिडकी कुठे आहे ते हाताने चाचपडू लागला.

*

इंदुताई वर्कशॉपमध्ये आल्या. माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"शिक्का मारणारे उद्धवराव तुम्हीच का?"

"हो."

त्यांनी ती कॅसेट टेबलावर आपटली. "यातली पट्टी कशाची आहे?"

"प्लास्टिकची."

"आणि वरचा तपकिरी लेप?"

मला माहीत नव्हतं.

"गंजाचा. लोखंडाच्या गंजाचं फार बारीक चूर्ण. बोटाला लागत नाही, पण प्रत्येक कण छोटं चुंबक आहे. ते कण ज्या तऱ्हेने चुंबकले जातात, तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. शेजारी मोठं चुंबक ठेवलं की सगळं पुसलं जातं. देवीचा आवाज मावत नाही म्हणे! डॉक्टर चुंबक म्हणाले, कॅसेटही चुंबकच म्हणतेय. मला सांगा, तुम्ही त्या तेलाला चुंबक लावून पाहिलं होतं?"

"तेलाला कशाला लावायचं चुंबक?" मी म्हणालो. "त्यात लोखंडाचा कीस नव्हता. मी गाळलं. भिंगाखाली पाहिलं."

त्यांनी टेबलावरचं मापाचं हत्यार उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचं सगळ्यांत बारीक माप कुठपर्यंत जातं?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग."

"त्या हजाराव्या भागाचे आणखी शंभर भाग करा. त्यातल्या एका भागाएवढे कण तेलात असतील तर तुमच्या रुमालाला ते कळतील?"

मी घरी जाऊन तो रुमाल शोधला. धुऊन धुऊन डाग करडा झाला होता, गेला नव्हता. वर्कशॉपमध्ये नेला, चकवर धरला आणि स्विच दाबला. रुमाल माझ्या हातातून खाली ओढला गेला आणि डागाच्या जागी टेबलाला चिकटून बसला. मी स्विच बंद करून पुन्हा दाबला, पुन्हा तेच झालं. मला स्वतःची इतकी घाण कधी वाटली नव्हती.

*

पुढचे पंधरा दिवस मी रोज सुटल्यावर इंदुताईंच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जायचो. एका पुस्तकात त्यांनी असल्या तेलाबद्दल वाचलं होतं. त्याला दोन क्षार लागतात. एक हिराकस, तो लोखंडाचाच क्षार, बाजारात मिळाला. दुसरा क्षार छपाईचे ब्लॉक करणाऱ्याकडून आणला. दोन्ही पाण्यात ठरावीक प्रमाणात विरघळवून वर अमोनिया घातला की काळा गाळ पडतो. तो लोखंडाचाच ऑक्साइड, चुंबकाला ओढला जाणारा. पहिल्यांदा नुसता चिखल झाला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी साबणापासून काढलेलं तेलकट आम्ल घालून तापवलं, धुतलं आणि रॉकेलमध्ये घोळवलं. साबणाचा लेप प्रत्येक कणाभोवती बसतो, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळाशी बसत नाहीत. चुंबक जवळ आलं की सगळे कण ओढले जातात आणि रॉकेललाही सोबत ओढून नेतात. चुंबकाचा जोर तेलाला वर उभं करतो, तेलाचा स्वतःचा ताण त्याला आवरून धरतो, आणि दोघांच्या झटापटीत काटे तयार होतात.

"परदेशात याने यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती हवा कोंडून धरतात," इंदुताई म्हणाल्या. "एवढी सुंदर गोष्ट आहे ही. आणि आपल्याकडे तिने काय केलं? माणूस आंधळा केला."

मोडक्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक त्यांनी बाटलीखाली धरलं. काटे उभे राहिले. खरं सांगतो, कृती मी स्वतः केली होती, तरी क्षणभर हात जोडावेसे वाटले. त्या दिवशी मला शेडमधली ती अडीचशे माणसं समजली.

*

गुरुवारी दुपारी इंदुताई, मी, भीमराज, कस्तुरा आणि जयसिंग असे आम्ही पिंपळे गुरवला गेलो. मांडव भरला होता. कस्तुराने जयसिंगला पुढे बसवलं. महाराजांचा सत्त्वगुण आणि तमोगुण चालू होता. इंदुताई सरळ चौरंगापाशी गेल्या, पिशवीतून पितळी थाळी काढली, बाटलीतलं तेल ओतलं आणि थाळी हातावर उचलली. हाताखाली पदरात चुंबक होतं.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या.

काटे उठले. महाराजांच्या काट्यांपेक्षा मोठे.

पुढे जे झालं ते आम्ही धरलंच नव्हतं. मांडवातून एकच आरडाओरडा झाला. "ताईंच्या अंगात आली! आई ताईंच्या अंगात आली!" एका म्हातारीने धावत येऊन इंदुताईंच्या पायावर डोकं ठेवलं. मागून दुसरी आली, तिसरी आली. एकाने माझ्या हातात नारळ दिला.

"उठा!" इंदुताई किंचाळल्या. "अहो, रॉकेल आहे हे! रॉकेल आणि गंज! शाळेत केलंय मी!"

"आई, कोपू नगंस," म्हातारी म्हणाली.

इंदुताईंना रडू फुटलं. त्यांनी चुंबक बाहेर काढून दाखवलं, तर लोक चुंबकाच्याही पाया पडायला निघाले. हिंदुराव चाणाक्ष, त्याने लगेच माइक उचलला. "मातेने नवी दासी निवडली! महाराजांनी तिला..."

तेवढ्यात कस्तुरा उठली. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. पदराखालून तिने स्वयंपाकातलं लोखंडी उलथणं काढलं.

"म्हाराज," ती म्हणाली, "वाळल्या पायाचं दर्शन घ्यायचं हाय."

महाराज ओरडले, "लोखंड आणू नका! पाप लागेल!"

कस्तुराने चौरंगाचं कापड वर केलं आणि उलथणं त्या पायाजवळ नेलं. चार बोटांच्या अंतरावरून ते तिच्या हातातून सुटलं आणि टणकन् तळपायाला चिकटलं. महाराज पाय झटकू लागले. उलथणं निघेना. हिंदुरावाने ओढलं, तरी निघेना. मांडवात आधी कुणीतरी एकटं हसलं. मग पाठोपाठ सगळे.

मग बारा वर्षांच्या तपाने वाळलेल्या पायाने अचानक चपळाई दाखवली. महाराज उठले आणि दोन्ही पायांवर पळत सुटले. उलथणं सोबत घेऊन. भीमराजने दारात धरलं. पट्ट्या सोडल्या तर तळपायाला लाउडस्पीकरची चार गोल चुंबकं एकावर एक बांधलेली. ताम्हनाखाली पाय वर घेतला की काटे उठायचे, खाली घेतला की बसायचे. पाय चांगला गुबगुबीत.

दोन थपडा बसल्यावर खर्ज गेला. "माझं नाव चिमाजी, सायेब. मी लॅबमधी बाटल्या धुयाला हुतो. तिथं सायबं बनवायची हे त्याल. मला का मारता? मी कुनाला बोलवाया ग्येलो न्हवतो." मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याने बोट दाखवलं. "ह्यांनी तपासलं हुतं! भर माइकवर सांगितलं हुतं! ह्यांना इचारा!"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?" मधेच जयसिंगने विचारलं. तो इकडेतिकडे मान फिरवत होता. "मानसं हासली का? कस्तुरे, काय दिसलं? कुनीतरी सांगा की."

कस्तुराने तोंडात पदर कोंबला होता. मी त्याच्यापाशी जाऊन बसलो.

"जयसिंग, तेलात लोखंड होतं."

त्याला समजायला वेळ लागला. "तुमी तर न्हाई म्हनला हुता."

"चुकलो मी."

"किती हुतं?"

"पुष्कळ होतं. तेलाच्या थेंबाथेंबात होतं."

तो हाताने डाव्या डोळ्यावरची पट्टी चाचपत राहिला.

*

चिमाजीला पोलीस घेऊन गेले आणि दोन महिन्यांत तो सुटला. चाकणकडे कुठेतरी नवं दुकान मांडलंय म्हणतात, या वेळी पाण्याचं. पिंपळे गुरवची ती म्हातारी अजून इंदुताईंना रस्त्यात नमस्कार करते. जयसिंगला सोपानरावांनी पॅकिंगला घेतलं. तपासलेले भाग तेलकट कागदात गुंडाळायचे, बोटांनी होणारं काम. त्याचं टेबल माझ्या शेजारी आहे. मी शिक्का मारलेला प्रत्येक भाग त्याच्या हातात जातो.

पुढची खंडेनवमी आली. मशिनींना माळा चढल्या, नारळ फुटले, माणसं जमली. सोपानराव मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी चकवरची झेंडूची माळ काढली. दोघं-तिघं कुजबुजले, आज हात लावायचा नसतो. मी स्विच दाबला.

"मला भाषण येत नाही," मी म्हणालो. "मागच्या वर्षी याच जागी मी खोटा शिक्का मारला. मुद्दाम नाही मारला, पण मारला. मला वाटलं, मला सगळं कळतं. जे कळलं नाही ते मी लाजेपोटी हळू आवाजात बोललो, आणि जे कळलं असं वाटलं ते मोठ्याने बोललो. तुम्ही असं करू नका. कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी विचारा, हे कशाने होतं? तो म्हणाला अमुक वस्तू जवळ आणू नका, तर तीच वस्तू आधी जवळ न्या. तपासणारा कितीही हुशार असला, अगदी माझ्यासारखा, तरी त्याच्या शब्दावर जाऊ नका. त्याने काय तपासलं आणि काय तपासलं नाही, ते विचारा. आणि डोळ्यात कण गेला तर देवी नको, बुवा नको, कापसाची काडी नको, इन्स्पेक्टरही नको. सरळ दवाखान्यात जा."

खिशातून मी तो रुमाल काढला आणि चकवर टाकला. जयसिंगचा हात धरून त्याला चकपाशी आणलं आणि रुमालाचं टोक त्याच्या बोटांत दिलं. डाग टेबलाला टेकला होता. जयसिंगने ओढून पाहिलं. रुमाल सुटेना. त्याने पुन्हा हळूच ओढलं आणि बोटांनी तो ताण जोखला, पूर्वी नजरेने माप जोखायचा तसा.

"धरतंय की," तो म्हणाला.

"हो."

"एवढंच बघायचं हुतं व्हय सायेब?"

"एवढंच," मी म्हणालो.

त्याने रुमाल सोडला आणि चाचपडत आपल्या टेबलाकडे गेला.